तळीवरचा पाचवा हात

निर्णा गावात मल्लेशला लोक 'खांब' म्हणायचे. एक तर त्याचं अर्धं आयुष्य खांबावर गेलं, आणि दुसरं म्हणजे त्याला काही लागतच नसे. शिव्या दिल्या तरी खांबासारखा उभा, कौतुक केलं तरी खांबासारखाच उभा. त्याच्या लग्नात वरात दारात आली, वाजंत्रीवाले फुंकून फुंकून घामाघूम झाले, आणि हा नवरदेव बाशिंगाआडून शेजारच्या छपरावरून गेलेली वायर ढिली पडली आहे का ते बघत होता. त्याच्या बायकोनं, श्रीदेवीनं, ते तेव्हाच हेरलं. "माझ्या गळ्यात डोरलं बांधताना बी ह्यांनी गाठ ओढून बघितली," असं ती बायकांत सांगायची. "जोड पक्का हाय का म्हणून."

घराणं मूळचं मेंढरं राखणारं. मल्लेशचा बाप इरप्पा तरुणपणी घोंगडं खांद्यावर टाकून पार भीमेच्या काठापर्यंत कळप चारून आणायचा. पुढं कुरणं गेली, मेंढरं गेली, राहिलं थोडं रान आणि दुसऱ्याच्या बांधावरचं काम. मल्लेशनं मात्र ना मेंढरू राखलं ना रान धरलं. दहावीला आपटल्यावर तो हुमनाबादला हमरस्त्यावरच्या एका ढाब्यात कामाला लागला. तेव्हा नुकत्याच टीव्हीच्या त्या मोठाल्या छत्र्या आल्या होत्या, आभाळाकडं तोंड करून बसणाऱ्या. ढाब्यावर एक बसली. लॉरीवाले जेवण विसरून पडद्याकडं बघत बसायचे आणि डाळ गार व्हायची. मल्लेश पडद्याकडं बघत नसे. ते चित्र कुठल्या वायरीतून येतंय, तिकडं त्याचं लक्ष.

दोन-चार वर्षांत तो गावी परतला तो छत्री घेऊनच. लिंबाच्या झाडावरून चिंचेवर, चिंचेवरून विजेच्या खांबावर, खांबावरून पत्र्यावर अशी त्यानं सगळ्या निर्ण्याला वायर गुंडाळली. शिडी धरायला पाठचा भाऊ, भीमाशंकर. हा वर, तो खाली. भीमाशंकर बोलका, हसरा, ज्या घरात वायर न्यायची तिथल्या म्हातारीला आधी आजी करून टाकणारा. लोक म्हणायचे, चित्र मल्लेश आणतोय आणि आवाज भीमाशंकर.

एकदा ओल्या दिवसात ओढत आणलेली वायर विजेच्या तारेला लागली. मल्लेश खांबावरून खाली आला तो पायऱ्यांनी नव्हे. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली. श्रीदेवीनं त्याचाही संसारात उपयोग करून घेतला. चुलीवरचं गरम भगुनं उतरायचं झालं की हाक मारायची, "अवं, तुमची बोटं आणा जरा."

भीमाशंकर आधी हैदराबादला गेला, तिथून बहरीनला. मोठाल्या नळांच्या कामावर. मल्लेशनं त्याला हुमनाबादच्या स्टँडवर सोडलं, आणि तिथूनच वायरीचं भेंडोळं घेऊन दुपारपर्यंत घरी आला. आई म्हाळसाबाई दारातच बसली होती.

"रडला का रं?"

"कोण?"

"कोण म्हणतोय बघा! तुझा भाऊ."

मल्लेशनं आठवून बघितलं. "बस सुटायलती, अव्वा. मी सीट धरायला गेलतो. बघितलं न्हाई."

पुढं घराघरावर ज्याची त्याची ताटाएवढी छत्री आली आणि मल्लेशची वायर कुणाला नको झाली. बायका तिच्यावर लुगडी वाळत घालायला लागल्या. एवढं उभारलेलं काम हातातून गेलं, आता हा खचणार, असं लोकांना वाटलं. मल्लेश शिडी घेऊन निघाला आणि ज्या झाडावरून वायर नेली होती त्याच झाडावरून गुंडाळून आणली. संध्याकाळी नेहमीएवढ्याच भाकरी खाल्ल्या. आत कुठं काही तुटलं असेल तर त्याला ते सापडत नव्हतं. तो शोधतही नव्हता.

मग टेलिफोनचं काम आलं. हुमनाबादवरून रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून नवी केबल आली. आत तांब्याची तार नाही, काचेचा धागा, केसाहून बारीक. गावातल्या टेलिफोनच्या खोलीपर्यंत ती यायची, आणि तिथून जुन्या फोनच्याच तारेनं घराघरात बोलणंही जायचं, इंटरनेटही जायचं, टीव्हीचं चित्रही जायचं. ते धागे जोडायचं काम ठेकेदारानं मल्लेशला दिलं. म्हाळसाबाईला हे पटेना.

"म्हंजे एकाच मडक्यात ताक, तेल आन् पाणी?"

"व्हय."

"आन् निवडतंय कोण?"

"घरात डबा असतोय, अव्वा. तो निवडतोय. ह्यो फोन, ह्ये चित्र."

"मग एक डबा घरी बी आण. श्रीदेवीच्या तांदळातले खडे तरी निवडंल."

श्रीदेवी आतून म्हणाली, "आणाच. आन् सासूबाईच्या बोलण्यातले बी निवडू द्या." आणि दोघी हसल्या. मल्लेश डब्याचा दिवा हिरवा लागला का ते बघत होता.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे त्या वर्षीची चंपाषष्ठी.

इरप्पाला धाप लागायची ती वाढत वाढत त्यानं अंथरूण धरलं. हुमनाबादच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं आणि मल्लेशला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज थकलंय, काही उचलू देऊ नका, पाण्याची बादलीसुद्धा नको. म्हाताऱ्यानं लांबूनच ओळखलं. घरी आल्यावर म्हणाला, "बादली राहू दे. एवढ्या वर्षी तळी तेवढी उचलतो."

तळी म्हणजे मैलाराची, आपल्या खंडोबाची. ताटात भंडारा, खोबरं, पान-सुपारी ठेवायची, घरच्या पुरुषांनी ताटाला सगळ्या बाजूंनी हात लावायचा आणि देवाचं नाव घेत तीनदा वर उचलायची. कुणी तीन हातांची करतं, कुणी सातांची. इरप्पाच्या घरी पाचांची. एका रक्ताचे पाच. आजोबांच्या काळी ताटाला हात लावायला दाटी व्हायची, आता भाऊबंद पुण्याला, हैदराबादला. गावात राहिले इरप्पा, मल्लेश, इरप्पाचा चुलतभाऊ महादेवप्पा आणि पुतण्या सिद्धप्पा. चार. पाचवा बहरीनला, आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती.

"भीमाचा हात पायजे," इरप्पा म्हणाला. "माझ्या डोळ्यादेखत. मग मी मोकळा."

मल्लेशनं कोपऱ्यातल्या डब्याकडं बघितलं. "अप्पा, हात आणता येतोय. माणूस न्हाई, हात."

सिद्धप्पाचं बसस्टँडजवळ उताऱ्याच्या नकला काढायचं दुकान होतं, त्यात एक म्हातारा कॉम्प्युटर. तो घरी आणायचा, टेलिफोनच्या डब्याला जोडायचा, त्याचं चित्र टीव्हीच्या पडद्यावर घ्यायचं. भीमाशंकर तिकडं दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर तसंच ताट धरून बसेल.

महादेवप्पा तंबाखू मळत म्हणाला, "हात दिसंल रं. पण ताटाला लागंल का?"

इरप्पा उशीवरून उठून बसला. "महादू, तुझ्या घरी मैलार हाय का न्हाई?"

"हाय की. तसबिरीत."

"त्याला निवद दाखवतूस न्हवं?"

"दाखवतो."

"मग तसबिरीतला देव तुझा निवद खातोय, आन् माझा जिता ल्योक पडद्यातून हात लावंना व्हय?"

महादेवप्पानं तंबाखू तोंडात टाकली.

इरप्पाची अट एकच. तिकडची आणि इकडची तळी एकदम वर जायची आणि एकदम खाली यायची. "अधांतरी कुणी हात काढायचा न्हाई. हात सुटला की माणूस सुटला." भीमाशंकरला फोनवर हे तीनदा म्हणायला लावलं.

षष्ठीच्या सकाळी म्हाळसाबाईनं वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीचे रोडगे केले. इरप्पाला न्हाऊ घालून पटका बांधला. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग भीमाशंकर. मागं लोखंडी खाटा, वर गरगरणारा पंखा, आणि दारात त्याच्या खोलीतली तेलंगी पोरं हे काय चाललंय ते बघत उभी.

"अव्वा, वाळलीस कामून?"

"तू डब्यात बसलास म्हणून तसं दिसायलंय. तू काय खाल्लास?"

"अगं, आधी तळी होऊ दे," इरप्पा ओरडला, आणि एवढ्यानंच त्याला धाप लागली.

चौघांनी ताटाला हात लावले. पडद्यात पाचव्यानं लावला. पहिल्यांदा वर उचलली. "येळकोट, येळकोट!" इकडचा गजर झाला, ताट खाली आलं, आणि मग पडद्यातून भीमाशंकरचं "येळकोट" आलं.

"सम्‌दर वलांडून यायलंय," महादेवप्पा म्हणाला. "दमतच असंल."

"मग थांबा त्याच्यासाठी," इरप्पा म्हणाला. "त्याचा आवाज आल्याबिगर खाली घ्यायचं न्हाई."

दुसऱ्यांदा तसंच केलं. ताट वर धरून थांबले, भीमाशंकरचा आवाज आला, मग सगळ्यांनी एकदम खाली घेतलं. मोठं गोड झालं ते. म्हाळसाबाईनं डोळ्याला पदर लावला.

तिसऱ्यांदा ताट वर गेलं. भीमाशंकरचंही गेलं, थेट डोक्यावर. तोंड उघडलं. आणि तो तसाच राहिला.

इकडं चौघं ताट धरून थांबले. आवाज येईना. भीमाशंकर हात वर करून, तोंड उघडं ठेवून, एकटक बघतोय.

मल्लेशनं त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यानं भावाच्या मागचा पंखा बघितला. पंखा फिरायचा थांबला होता. मग कोपऱ्यातला डबा बघितला. दिवा लाल. रस्ता रुंद करायचं काम गेले काही दिवस हमरस्त्याकडून गावाकडं सरकत होतं, खोदायची पिवळी मशीन कालच ओढ्यापर्यंत आली होती. कुठं तुटलं असेल तेही त्याला जागेवरूनच कळलं. एका हातानं त्यानं खिशातला मोबाईल वर काढला. त्यालाही काही नव्हतं. टॉवरसुद्धा त्याच धाग्यावर. बोलणं, चित्र, सगळं एकदम गेलं होतं.

"थोरले अप्पा, लाईन—" सिद्धप्पानं तोंड उघडलं. मल्लेशनं त्याच्या पायावर पाय दिला. सिद्धप्पाचं वाक्य कळवळण्यात गेलं.

"बघा रं," इरप्पा म्हणाला. त्याचे डोळे पडद्यावर, तोंडभर हसू. "बघा माझ्या लेकाला! पापणी बी हलवंना. आपुन खाली घेतल्याबिगर घेणार न्हाई, आन् तो घेतल्याबिगर आपुन घेणार न्हाई."

"मग ह्ये कवा संपायचं?" महादेवप्पा म्हणाला. "त्याला म्हणावं ठिव बाबा, माझा खांदा उतरायलाय."

म्हाळसाबाई पडद्याजवळ गेली. "भीमा, ठिव रं बाळा. दंड दुखतील." भीमाशंकर तिच्याकडं बघून न बघितल्यासारखा.

इरप्पाचं कोपर खाली यायला लागलं. पटक्याखालून घाम उतरला. नखं निळसर दिसायला लागली. मल्लेशनं आपली बाजू जरा उचलून धरली, तसं ताटाचं वजन सगळं त्याच्याकडं आलं. म्हाताऱ्याचा हात आता नुसता टेकलेला. पण वर होता, आणि वर असल्यानंच त्याचा जीव वर होत होता. सिद्धप्पाचा जुना कॉम्प्युटर एकदा अडला की म्हशीसारखा अडायचा, वायर उपटेपर्यंत चित्र जागचं हलायचं नाही. म्हणजे भीमाशंकर असाच धरून राहणार, दिवसभर.

लाईन गेली म्हणावं, तर भीमाचा हात अधांतरी सुटला. हात सुटला की माणूस सुटला. म्हातारा ते घेऊनच जाईल. न म्हणावं, तर आत्ताच जाईल. मल्लेशला भीती वाटायला हवी होती. त्यानं आत चाचपलं, तर तिथं ती दोन बोटं होती तसंच काहीतरी होतं. आहे, पण कळत नाही. एवढं मात्र कळलं, की हा जोड आपल्यालाच करायचाय.

"अप्पा," तो म्हणाला.

"काय?"

"तो तुमची वाट बघायलाय."

"माझी?"

"बाप ताट धरून उभारलाय, आन् ल्योक आधी खाली ठेवील व्हय? ते शोभंल का? त्याला तुमी काय तसं वळण लावलंय?"

इरप्पानं पडद्याकडं बघितलं. मग मल्लेशकडं. महादेवप्पानं संधी साधली. "बरोबर हाय. मोठ्यानं आधी. रीतच हाय ती."

"व्हय की," इरप्पा हळूच म्हणाला. "पोरगं अडकून पडलंय माझ्यापायी. घ्या खाली."

ताट खाली आलं. भंडारा उधळला. म्हाळसाबाईनं पडद्यावरही उधळला, भीमाशंकरचं उघडं तोंड पिवळं झालं. इरप्पाला भिंतीला टेकवून बसवलं, श्रीदेवीनं पाणी पाजलं. धाप हळूहळू बसली. पण ताट वाढलं तरी तो जेवेना.

"अजून धरूनच हाय की."

"ठेवील, अप्पा. सम्‌दर वलांडून दिसाय वेळ लागतोय."

"मग बसतो मी बी."

सगळे बसले. रोडगे गार होत होते. महादेवप्पा पडद्याकडं बघत मुटुमुटू भरीत खात होता. सिद्धप्पानं एकदा हळूच कॉम्प्युटरच्या वायरीकडं हात नेला, तर म्हातारा म्हणाला, "हात लावू नगंस, लेका, त्याच्या हातातलं सांडंल." सिद्धप्पानं हात मागं घेतला.

मग दुपारची भारनियमनाची पाळी आली आणि नेहमीसारखी वीज गेली. पडदा काळा झाला.

इरप्पानं मोठा श्वास सोडला. "ठिवलं," तो म्हणाला. "ठिवलं एकदाचं." आणि रोडगा मोडून घेतला.

मल्लेश जेवला नाही. गाडी काढून ओढ्याकडं गेला. अंदाज हातभरही चुकला नव्हता. मशीननं केबल उचकटून वर काढली होती, आणि मशीनवाला बिडी ओढत म्हणत होता, "खाली काय गाडलंय कुणी सांगितलं न्हाई बघा." लाईन गेलेली तिकडं कळताच हुमनाबादहून ठेकेदाराचा माणूस धागे जोडायची पेटी घेऊन आला. दोघं चरात उतरले. धागे सोलायचे, पुसायचे, टोकाला टोक आणून चिकटवायचे.

ठेकेदाराच्या माणसानं मल्लेशचे हात बघितले. "ए बाबा, पिवळे हात घेऊन काच जोडायलास? हळदीचा एक कण बसला तर उजेड जायचा न्हाई आतून. पूस आधी."

भंडारा पुसून टाकत नसतात. मल्लेशनं दोन्ही हात कपाळाला, मग केसांना घासले, पार पिवळं निघायचं थांबेपर्यंत, आणि वरून फडक्यानं पुसले. मग जोडायला बसला. ऊन पाठीवर होतं. एकेक धागा जुळत होता. काही वाटत नव्हतं. बरंही नाही, वाईटही नाही.

शेवटचे धागे जुळले तसा खिशातला मोबाईल वाजला. भीमाशंकर होता.

"अण्णा, काय झालतं रं? बंदच पडलं की."

"केबल तुटलती."

"मला वाटलंच. इकडं तर लगीच काळं झालं. जरा वाट बघितली, मग ताट ठेवून ड्यूटीवर आलो. गाडी खाली हॉर्न मारायलती."

मल्लेश चरात उभा होता. "बरं केलास," तो म्हणाला.

"अप्पा काय म्हणले? नाराज झाले का?"

"न्हाई. दोन रोडगे खाल्ले."

"मग झालं तर." तिकडं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. "ठेवू का? सुपरवायझर बघायलाय."

"ठेव."

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रीदेवीनं त्याच्या केसांकडं बघितलं आणि पाणी तापत ठेवलं. इरप्पा अंथरुणावर पडून होता, पटका अजून डोक्यावर. पावलं वाजली तशी त्यानं मान वळवली.

"भीमाचा फोन आलता का?"

"आलता."

"काय म्हणाला?"

मल्लेश उंबऱ्याजवळ टेकला. चपलेचा अंगठा सोडला. त्याला घाई नव्हती.

"दंड दुखायलेत म्हणाला."

इरप्पाला हसू आलं. घोंगडं छातीवर ओढून घेत तो म्हणाला, "दुखणारच की. माझे काय कमी दुखायलेत?"